गोलकीपर गया

लिंबाजीबप्पांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. एकदा चुकून लागला, तेव्हा त्यांनी खाली वाकून बॉलला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

मी बघतच राहिलो. कोल्हापुरात आमच्या पेठेत पोरगं चालायला शिकतं तेच बॉलच्या मागं. दर लाथेला नमस्कार करायचा म्हटलं तर एक मॅच संपायला पंधरवडा जाईल. पण ही पेठ नव्हती. हे नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं गोदाम होतं. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच भिंतीवर बॉल मारत होतो, तो उडून बप्पांच्या पायाला लागला होता, आणि पांढरी टोपी, पांढरा पायजमा घातलेले बप्पा मला म्हणत होते, "असा बघून काय राह्यला? कोनाचं तरी पोट चालत असंल त्याच्यावर. पाय लागला तर पाया पडावं."

हा पहिला धक्का. दुसरा त्याच संध्याकाळी बसला. हा माणूस एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये गोलकीपर होता!

धक्क्यांबद्दल पुढं सांगतोच. आधी मी जालन्यात काय करत होतो ते सांगायला हवं. मी नववीत शाळा सोडली. मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. फुटबॉलसाठी सोडली म्हणावं, तर पेठेच्या संघात माझं काम पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं. शेवटी वडिलांच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं की जालन्यात बियाण्याच्या कंपन्या आहेत, बी साफ करायच्या मशिनीवर माणसं लागतात. एक पिशवी आणि एक बॉल घेऊन मी जालना स्टेशनला उतरलो. इथं माझं कोणी नव्हतं. नोकरी जाईल या भीतीनं गेटवरच्या कुत्र्याला "साहेब, येऊ का" म्हणायचं तेवढं बाकी होतं.

बप्पा त्या गोदामाचे कीपर. त्यांनी मला पहिल्या दिवशी उजेडात उभं केलं.

"शिक्षन?"

"नववी."

"पास?"

"न्हाई."

तळहातावर बी घेऊन बघावं तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मॅनेजरला म्हणाले, "उगवण कमी हाय. पन जोम हाय. ऱ्हाऊ द्या."

पेरलेल्यातलं किती उगवतं ती उगवण, आणि उगवलेलं किती तग धरतं तो जोम. बप्पा सगळ्या जगाला या दोन मापांनी मोजत. त्या "ऱ्हाऊ द्या"वर मी कितीतरी वर्षं जेवलो. बप्पांबद्दल हसून लिहितोय खरा, पण लिहिताना मान खाली आहे.

माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. "कोल्हापूर" म्हणत. हळूहळू सगळं गोदाम मला कोल्हापूर म्हणायला लागलं. स्वतःचं नाव ऐकायची हुक्की आली की मी एसटीडी बूथवरून आईला फोन लावायचो.

तर त्या संध्याकाळी बप्पा म्हणाले, "चल कोल्हापूर, मॅच हाय." मला वाटलं कुठं तरी मैदानावर जायचं. मी बूटसुद्धा घातले. बप्पा मला घेऊन गेले ते स्टेशन रोडवरच्या सलीमभाईच्या नेट कॅफेत. चपला दाराशी काढल्या, हात-तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. खुर्चीवर बसले नाहीत.

"बसा की बप्पा."

"कीपर बसतो का?"

स्क्रीनवर एकही खेळाडू नव्हता. मैदान नव्हतं, बॉल नव्हता. काळ्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी होत्या. थोड्या थोड्या वेळानं एक नवी ओळ यायची. सलीमभाई ती वाचायचा आणि बप्पा पाय फाकवून, हात पसरून, डावीकडं-उजवीकडं डुलायचे.

"हे खेळतंय कोण?" मी सलीमभाईला विचारलं.

"कोई नहीं."

"म्हणजे?"

"म्हणजे कोई नहीं खेळता. जगभरातले लोक एक एक खिलाड़ी बनवतात. रोज त्याची ट्रेनिंग भरतात. मैच कॉम्प्युटर खेळतो. अपन सिर्फ देखते बैठना."

पेठेत आम्ही ज्याच्यासाठी डोकी फोडली, ते फुटबॉल हे लोक कोणीही न पळता, कोणीही न पडता खेळत होते; आणि त्यातल्या एका टीमचा गोलकीपर होता आमच्या गोदामाचा कीपर, ज्याला ऑफसाइड हे कुठल्या तरी रोगाचं नाव वाटत होतं.

ही भानगड सुरू झाली त्याची हकीकत सलीमभाई प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. कंपनीचा माल कुठं जायचा त्याचे कागद छापून घ्यायला बप्पा कॅफेत येत. एके दिवशी शेजारच्या स्क्रीनवर त्यांना दोन शब्द दिसले. इंग्रजी त्यांना गोदामापुरतं येई, आणि पहिला शब्द तर त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर होता. कीपर. पुढचाही वाचता आला. वॉन्टेड.

"सलीम, कीपर पाहिजे म्हून राह्यलेत. कोनती कंपनी हाय?"

सलीमभाईनं पोट धरून हसत सांगितलं की बप्पा, हा फुटबॉल आहे, पगार नाही, काही नाही, गोल अडवायचा. बप्पांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे दारात उभं राह्यचं, आन बिगर गेटपास काही आत येऊ द्यायचं न्हाई?"

"हौ, वैसाच कुछ."

"मंग तेच तर करून राह्यलो जन्मभर. लिही."

बिगर गेटपास! फुटबॉलचं सगळं शास्त्र बप्पांनी या दोन शब्दांत बसवलं. गोल झाला की "बिगर गेटपास गेला." आपल्याच बचाववाल्यानं चुकून आपल्याच जाळीत मारला की कपाळावर हात मारून, "घरच्यानंच गेटपास फाडला!" पेनल्टी म्हणजे "साहेबाची गाडी". ती अडवायची नसते, पण बप्पा तीही अडवत.

खेळाडूचं नाव होतं गया रुक्मिण.

"ये कैसा नाम है बप्पा?" सलीमभाई दर मॅचला म्हणायचा. "गोलकीपर का नाम गया? बॉल भी गया, मैच भी गया!"

"तू वाच गुमान."

मला वाटलं, त्यांच्याकडच्या कुठल्या तरी पैलवानाचं नाव असेल. दुसऱ्या आठवड्यात मीही एक खेळाडू काढला. स्ट्रायकर. म्हटलं, खरा फुटबॉल पाहिलेला माणूस आहे मी, या कागदी लोकांना दाखवतो. बप्पांनी शब्द टाकून मला आपल्याच टीममध्ये घेतलं. आणि माझा खेळाडू बाकावर बसला! हंगाम संपला तरी बाकावरच. ट्रेनिंग रोज भरायची असते, मी आठवड्यातून एकदा भरत होतो. बप्पा रोज जायचे. बाहेर काहीही होऊ दे, गोदामाला कुलूप लावून, ते ओढून बघून, चार पावलं जाऊन, परत येऊन पुन्हा ओढून बघून कॅफेत हजर. पेठेत बाकावर, जालन्यात बाकावर. माणसाचं नशीब कॉम्प्युटरलाही कसं कळतं, याचं मला नवल वाटत राहिलं.

टीमचा मॅनेजर नॉर्वे का कुठल्याशा बर्फाळ देशातला होता. बप्पा त्याला "थंडीवाले साहेब" म्हणत. त्याला निरोप पाठवायचा तर बप्पा अर्जाच्या भाषेत सांगत आणि सलीमभाई जमेल तसं इंग्रजी करी. "माननीय थंडीवाले साहेब यांचे सेवेशी, विषय, डाव्या बाजूचा गडी ढिला असलेबाबत." आधी आम्ही हसलो. पण दोन हंगामांत सगळी टीम एकमेकांना तशाच थाटात लिहायला लागली. ब्राझीलचा एक पोरगा तर मला "रिस्पेक्टेड कोल्हापूर सर" म्हणायचा. माझ्या खानदानात सर म्हणवून घेणारा मी पहिला.

हंगामांना बप्पा खरीप आणि रब्बी म्हणत. "मागच्या रब्बीला गयानं एकबी फुकट जाऊ दिला न्हाई." दर हंगामाला खेळाडूचं वय वाढायचं. पोरसवदा असतो तो गडी होतो, गड्याचा म्हातारा होतो. आम्ही ते बघत बघत चार-पाच खरीप-रब्बी काढले. मी बाकावरून उठलो, गोलही केले. गयाचं नाव तर लीगभर झालं.

या सगळ्या दिवसांत दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या होत्या, पण डोक्यात शिरल्या नव्हत्या. एक, पहिल्या हंगामात बप्पा खेळाडूचं नाव घेतच नसत. "आमचं कीपर" म्हणत, नाही तर नुसतंच, "ऐकलं का, उजवीकडं!" कॉम्प्युटरला "ऐकलं का" म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढं एकदा अगदी शेवटच्या मिनिटाला सलीमभाईनं ओरडून वाचलं, "सेव्ह्ड बाय गया!" तेव्हा बप्पांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "गया!" निघालं आणि ते लाजले. अहो, कानापर्यंत लाल झाले! तिथून मात्र धरबंद राहिला नाही. मॅच असली की स्टेशन रोडला ऐकू जायचं, "गया! गया!" रिक्षावाले विचारायचे, कोण गेलं?

दुसरी गोष्ट म्हणजे, "गया कशी झेपावली बघ," असं ते म्हणत.

"झेपावला म्हणा बप्पा. पुरुषांची लीग हाय."

"तू तुझं बी साफ कर. तुला काय ठाव."

मग एक दिवस स्क्रीनवर निरोप आला. गया रुक्मिणचं वय झालं आहे. हा हंगाम शेवटचा. त्यानंतर नियमाप्रमाणे नाव लीगमधून कमी होईल.

बप्पा पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

त्याच महिन्यात कंपनीतून ते स्वतः निवृत्त होणार होते. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नव्हतं. पण हा निरोप ऐकून माणूस खचला. दुसऱ्या दिवशी गोदामाचं कुलूप त्यांनी एकदाच ओढून बघितलं. सगळे हबकलो आम्ही.

संध्याकाळी त्यांनी अर्ज सांगितला. "माननीय थंडीवाले साहेब. विषय, कीपर गया रुक्मिण हिची मुदतवाढ होणेबाबत. आमच्याकडं बियाण्याची मुदत संपली तर ते फेकत न्हाईत. परत ओल्या कागदात घालून उगवण तपासतात, अन् चांगलं निघालं तर नवी मुदत देतात. तरी हिची परत तपासणी करावी ही विनंती."

थंडीवाल्या साहेबांचं उत्तर आलं. फार चांगला माणूस. त्यानं लिहिलं, रिस्पेक्टेड बप्पा, माझ्या हातात असतं तर मी स्वतः ओला कागद आणला असता. पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही नवा खेळाडू काढा, आम्ही तुमची वाट बघतो.

"बराबर हाय की," मी म्हणालो. "नवा काढू बप्पा. नाव काय तरी दुसरं ठेवू."

"दुसरं नाव कुठून आनू?"

"नावांना काय तोटा हाय व्हय?"

बप्पा माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "त्या दिवशी सलीमनं इचारलं, पहिलं नाव सांगा, मंग शेवटचं नाव सांगा. मी इच्यार केला, गड्याला कुठं दोन नावं असतात? गड्याला एकच, पाळन्यापासून सरणापर्यंत. दोन नावं बाईला. पहिलं माहेरचं, मंग सासरचं."

मी आणि सलीमभाई एकमेकांकडं बघायला लागलो. फर्स्ट नेम, लास्ट नेम. म्हणजे एवढे हंगाम, एवढ्या मॅचेस, जगभरातल्या पुरुषांच्या लीगमध्ये जाळी राखत होती ती...

"बप्पा, गया म्हणजे मावशी? तुमच्या घरच्या?"

"हं."

सलीमभाईनं जीभ चावली. बॉल भी गया, मैच भी गया, म्हणून त्यानं केलेले सगळे विनोद त्याच्या तोंडावर परत आलेले दिसत होते.

"लग्नात ताटात तांदूळ पसरले अन् भटजी म्हनले, लिहा नवं नाव," बप्पा म्हणाले. "मी अंगठीनं लिहिलं, रुक्मिण. ती बघत होती. वाचता येत होतं तिला, तिसरीपर्यंत गेल्ती शाळंत. हळूच म्हनली, मंग पहिल्या नावाचं काय करायचं? तेवढंच बोलली सगळ्या लग्नात. मी काही बोललो न्हाई. काय बोलनार, आजूबाजूला सगळी मानसं. मंग मी नोकरीला इकडं. ती गावी तीर्थपुरीला, वावर बघत, म्हातारा-म्हातारी बघत. मी जायाचो रविवारी. बायकोचं नाव घ्यायची पद्धत न्हाई आमच्यात. ऐकलं का म्हनलं की भागतं. अन् ते नाव घेनारी तिकडची मानसं एक एक करून सरली. आता त्या नावानं तिला कोनीच हाक मारत न्हाई."

मग म्हणाले, "इथं मारत होते. हा सलीम मारायचा. थंडीवाले साहेब मारायचे."

माझ्या तोंडातून निघालंच, "तुम्ही पण मारत होता की. आता घरी चाललाय कायमचे. तिथंच मारा."

"इथं ती ऐकत न्हाई म्हनून जमतं रे कोल्हापूर." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिथं कसं मारावं? तोंड उघडत न्हाई माझं. मागच्या रविवारी दारात उभा राह्यलो, ग बी फुटला न्हाई. पानी मागून परत आलो."

शेवटच्या मॅचला कॅफेत उभं राहायला जागा नव्हती. गोदामातले झाडून सगळे आल्ते. बप्पा नव्या टोपीत, पाय फाकवून उभे. बरोबरी होती आणि अगदी शेवटी समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली. साहेबाची गाडी. सलीमभाई वाचायला लागला, घसा साफ करून, एक एक शब्द. शॉट. टू द राइट. बप्पा उजवीकडं झुकले.

आणि लाइट गेली.

जालन्याचं लोडशेडिंग! सगळ्या कॅफेतून एकच आवाज उठला, जो इथं लिहिता येत नाही. सलीमभाई जनरेटरकडं पळाला. बप्पांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. लावू नको."

"अरे लेकिन बप्पा, बॉल..."

"बॉल हवेत हाय. तवर ती उभी हाय." त्यांनी चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीनं नारळ दिला. बप्पा गोदामाचं कुलूप शेवटचं ओढून बघून तीर्थपुरीच्या गाडीत बसले.

निकाल मी आणि सलीमभाईनं बघितला. बघून सलीमभाईनं स्क्रीनच बंद केली. मग रविवारी मी जीप पकडली आणि तीर्थपुरीला गेलो. ज्या माणसानं मला "ऱ्हाऊ द्या" म्हटलं, त्याचा बॉल असा हवेत ठेवून मला भाकर गोड लागेना.

बप्पा दारातच होते. चौकटीला दोन्हीकडं हात टेकवून, अगदी जाळीत उभं राहावं तसे. मला बघून इतके खूश झाले की खाट स्वतः ओढली. मग आत तोंड करून म्हणाले, "ऐकलं का, पाहुने आलेत."

मी बघितलं त्यांच्याकडं. त्यांनी नजर चुकवली.

"जमलं न्हाई?" मी हळूच विचारलं.

"बिलकुल न्हाई. रोज ठरवतो. आज म्हनतो, उद्या म्हनतो."

"बप्पा, तो बॉल..."

"सांगू नको."

"ऐका तर. सलीमभाई वाचतात तसं सांगतो." मी खाटेवरून उठलो. घसा साफ केला. "शॉट. टू द राइट."

बप्पा नको नको म्हणत होते, पण पाय आपोआप फाकले होते. हात पसरले गेले. उजवीकडं झुकले.

"अँड... सेव्ह्ड बाय..."

"गया!"

अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. शेजारचा माणूस भिंतीवरून डोकावला. बप्पा तसेच हात पसरून थिजले, आपल्याच तोंडाकडं बघता आलं असतं तर बघितलं असतं.

आत भाकरी थापल्याचा आवाज चालला होता, तो थांबला. मला वाटलं, मी काय करून बसलो हे, आता ही बाई रागावणार, रडणार, काय होणार.

मग आतून आवाज आला. शाळेतनं घरी आलेली पोरगी आईला देते तशी.

"ओ!"

मावशी बाहेर आल्या. हाताला पीठ. पदर नीट करत माझ्याकडं बघितलं, मग बप्पांकडं. "एवढ्या जोरात कामून बोंबलता? मी काय वावरात हाय का?" म्हणाल्या, आणि आत जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "हळू म्हनलं तरी ऐकू येतं मला."

आम्ही खाटेवर बसलो. मावशी चहा ठेवून आत गेल्या. बप्पांनी टोपीनं कपाळ पुसलं. निकाल काय लागला, ते त्यांनी नंतरही विचारलं नाही.

"गया," ते हळूच म्हणाले, "पानी आन."

"ओ."

"गया, साखर बघ जरा."

"ओ."

पाण्याचा तांब्या आमच्यासमोर भरलेला होता. साखर चहात होती.